आजारपणाचा पत्ता

परमुलखात राहिलेला सर्वांत नामांकित मराठी पेन्शनर लखनौपासून फार लांब नव्हता. 1818 साली दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमपुढे हत्यार ठेवलं, वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा पदरात पाडून घेतला आणि कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, बिऱ्हाड हलवलं. पुण्याकडे पुन्हा फिरकायचं नाही, ही त्यातली अट. बत्तीस वर्षं तो तनखा त्याने घेतला. 1851 च्या जानेवारीत तो वारला, आणि दत्तकपुत्र नानासाहेबांनी हक्क सांगितला तेव्हा कंपनी सरकारने हात वर केले: तनखा हयातीपुरता होता, वारसाला नाही. पुढचं सगळं शाळेत शिकवतात. मला त्यातून एवढंच उचलायचं आहे की पैसे कोणाला, किती दिवस आणि कुठे राहिलं तर मिळणार, या तीन कलमांकडे नीट न बघता गंगेच्या खोऱ्यात येऊन राहण्याची आपली परंपरा बरीच जुनी आहे.

लखनौला तर पेन्शनचं शहरच म्हणायला हवं. अवधच्या नवाबांनी आणि बेगमांनी कंपनीला कर्जाऊ दिलेल्या रकमांच्या व्याजातून त्यांच्या वंशजांना आजही वसीका मिळतो. हुसैनाबादेत त्याचं कार्यालय आहे. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होत गेल्या, रुपयाची किंमत घसरत गेली, आणि आता कित्येकांचा वसीका इतका किरकोळ आहे की तो घ्यायला जाण्याचं रिक्षाभाडंही त्यातून सुटत नाही. लोक तरी जातात. मानाचा प्रश्न आहे. पण ठरावीक आकड्याचं उत्पन्न आणि वाढता खर्च यांची गाठ पडली की शेवटी काय उरतं, हे बघायचं असेल तर अर्थशास्त्राच्या पुस्तकाऐवजी हुसैनाबादला जावं.

आरोग्यविम्यावरची ही पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे ते नवाबांचे वंशज नाहीत आणि पेशव्यांचेही नाहीत. 1926 मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून लखनौत संगीताचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं आणि त्याच्या मागोमाग गाणारे-शिकवणारे मराठी लोक इथे आले. 1951 मध्ये छत्तरमंझिलच्या जुन्या महालात केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली, 1957 मध्ये रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ झाली, मानकनगरची वसाहत वाढली. शास्त्रज्ञ आले, इंजिनिअर आले. एचएएल, लष्कराच्या मध्य कमांडचं मुख्यालय, बँका, विमा कंपन्या, आकाशवाणी. कुणी तीन वर्षांच्या बदलीवर आलं आणि पस्तीस वर्षं राहिलं. गोमतीनगर, अलीगंज, इंदिरानगर, आशियाना इथे प्लॉट मिळाले, घरं झाली, मुलं इथल्या शाळांतून शिकली आणि पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला, टोरांटोला गेली. आईवडील राहिले. गणपतीत भेटतात तेव्हा पहिलं वाक्य 'कसे आहात?' असतं आणि दुसरं 'यंदा हप्ता किती आला?'

मी आयुष्यभर एका सरकारी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसलो. माझ्याकडे प्रस्तावना मागायला आलेल्या मंडळींना वाटत होतं की मी कुठली पॉलिसी चांगली ते सांगेन. तसं मी सांगणार नाही, आणि पुस्तिकेनेही सांगितलेलं नाही, ही तिची जमेची बाजू. कारण माझ्या टेबलावर आलेल्या कागदांत चुकीची पॉलिसी घेतलेली माणसं कमी होती. चुकीच्या गावी आजारी पडलेली जास्त होती.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आपण समजतो की विमा आजाराचा असतो. कागदावर तो पत्त्याचाही असतो. हप्ता शहरावर ठरतो, रुग्णालयांची यादी शहरावर ठरते, सरकारी दर शहराच्या वर्गावर ठरतो, सवलत राज्यावर आणि परदेशात तर हक्कच वास्तव्यावर. नोकरीत असताना हे कधी लक्षात येत नाही, कारण तेव्हा आपला पत्ता एकच असतो. निवृत्तीनंतर परगावी राहणाऱ्या माणसाचे पत्ते तीन होतात: जिथे घर आहे तो, जिथे मुलं आहेत तो, आणि 'शेवटी तिकडेच जाऊ' म्हणून मनात धरलेला गावाकडचा. आजारपण यांतल्या कुठल्या पत्त्यावर येईल हे कोणालाच माहीत नसतं. पॉलिसी मात्र एकाच पत्त्यावर काढलेली असते.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांपासून सुरुवात करू, कारण लखनौत त्यांचीच संख्या डोळ्यांत भरते. सीजीएचएस ही त्यांची आरोग्य योजना 1954 मध्ये दिल्लीत सुरू झाली. पेन्शनरने वेतनस्तरानुसार महिन्याला 250 ते 1000 रुपये भरायचे, किंवा दहा वर्षांचे एकदम भरून तहहयात कार्ड घ्यायचं. वरच्या स्तराच्या अधिकाऱ्यालासुद्धा हे 1 लाख 20 हजारांत पडतं, आणि त्यात जोडीदार येतो. याहून स्वस्त आरोग्यसंरक्षण या देशात कुठल्याही कंपनीकडे मिळणार नाही. ज्यांना हे कार्ड काढता येतं आणि जे 'कोण जाईल त्या डिस्पेन्सरीच्या रांगेत' म्हणून काढत नाहीत, त्यांच्याशी मी आजवर बरंच भांडलो आहे आणि पुढेही भांडेन.

मात्र कार्ड असणं आणि खाट मिळणं या दोन गोष्टी आहेत. सरकारने खासगी रुग्णालयांना द्यायचे दर वर्षानुवर्षं 2014 च्या सुमाराचेच राहिले. बिलं थकत गेली. मग कार्ड दाखवलं की काउंटरवरची मुलगी नम्रपणे सांगते, 'अंकल, उस कैटेगरी में बेड नहीं है', आणि लखनौचा नम्रपणा असा की तुम्हाला रागही येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून नवे दर लागू झाले. त्यात शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. मुंबई-पुणे एक्समध्ये, लखनौ आणि नागपूर वायमध्ये, आणि वाय शहरातला दर एक्सपेक्षा दहा टक्क्यांनी कमी. त्याच शस्त्रक्रियेला पुण्याच्या रुग्णालयाला जास्त मिळणार, लखनौच्या रुग्णालयाला कमी. म्हातारपणी लेकीकडे पुण्याला जाऊन गुडघे बदलून घेण्यामागे लोक मायेचं कारण सांगतात. ते खरंच असतं. त्याला सरकारी दरपत्रकाची साथही असते, एवढंच.

सत्तरीपुढच्या पेन्शनरांना 2024 पासून यादीवरच्या रुग्णालयात थेट तज्ज्ञाकडे जाता येतं, डिस्पेन्सरीची चिठ्ठी लागत नाही. हे अजून अर्ध्या लोकांच्या गावी नाही. आणि जे लखनौचं घर विकून कोकणातल्या गावी जायचं म्हणतात त्यांच्यासाठी: तिथे सीजीएचएसचं केंद्र नसेल, तर पेन्शनबरोबर महिन्याला 1000 रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. हा आकडा 2017 पासून तोच आहे. दोन रक्तदाबाच्या गोळ्या, एक साखरेची आणि तीन महिन्यांनी एकदा रक्ततपासणी, यात तो संपतो. बाहेरच्या औषधपाण्याला भत्ता घ्यायचा आणि भरती व्हायची वेळ आली तर सीजीएचएस ठेवायचं, असा मधला मार्ग नियमांत आहे. पुस्तिकेतलं त्याचं प्रकरण सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी आहे.

रेल्वेवाल्यांचं बरं आहे. निवृत्त होताना एकदा रक्कम भरली की चारबाग किंवा बादशाहनगरचं रेल्वे रुग्णालय आपलं, आणि मुलाकडे डोंबिवलीला गेलात तर भायखळ्याचं. उमीद कार्ड आल्यापासून ओळख पटवायचा त्रासही कमी झाला. माजी सैनिकांची ईसीएचएस 2003 पासून चालू आहे, तिच्याबद्दल ज्यांनी लिहायचं त्यांनी पुढे लिहिलंच आहे. उत्तर प्रदेश सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि पेन्शनरांना 2022 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची कॅशलेस योजना आहे. तिचं कार्ड न काढलेले शिक्षक-प्राध्यापक आपल्यात आहेत आणि ते का काढलेलं नाही याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही.

वाईट अवस्था बँकवाल्यांची. 2015 च्या कराराने त्यांना सामूहिक पॉलिसी मिळाली. नोकरीतल्या माणसांचा हप्ता बँक भरते, निवृत्तांनी आपला आपण भरायचा. सुरुवातीला तो झेपण्यासारखा होता. पुढच्या काही वर्षांत तो अनेक पटींनी चढला, कारण निवृत्तांचा गट म्हणजे म्हाताऱ्यांचाच गट, आणि त्यातले धडधाकट लोक हप्ता बघून बाहेर पडले की मागे आजारी तेवढे उरतात. मग हप्ता आणखी चढतो. विम्याच्या धंद्यात याला फारसे उपाय नाहीत. तरुण माणसं त्याच गटात ठेवणं हा एकच उपाय असतो आणि इथे तोच वर्षानुवर्षं केला गेला नाही. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी माफ झाला तो व्यक्तिगत पॉलिसींवरचा, सामूहिकवरचा नव्हे. चाळीस वर्षं लोकांची खाती जमवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हप्त्यावर कर भरताना बघणं मला काही गमतीचं वाटत नाही.

उरले ते ज्यांच्यामागे सरकार नाही, बँक नाही. गाण्याच्या शिकवण्या केलेले, दुकान चालवलेले, खासगी कंपनीतून निवृत्त झालेले, आणि नोकरी करणाऱ्या मुलांवर विसंबून असलेल्या विधवा. त्यांच्यासाठी बाजारातली पॉलिसी. 1986 मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं तेव्हा ती एक साधी चौपानी पॉलिसी होती. आता कलमांचं बाड हातात येतं. एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने पॉलिसी घेण्यासाठीची पासष्टीची मर्यादा काढली, आधीपासूनच्या आजारांसाठीची थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. जानेवारी 2025 मध्ये आदेश निघाला की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलायचं. वर्तमानपत्रांनी त्याला दिलासा म्हटलं. जरा आकडेमोड करू. साठाव्या वर्षी 40 हजार रुपये हप्ता आहे. दरवर्षी बरोबर दहा टक्के वाढला, म्हणजे कंपनीने कुठलाही नियम मोडला नाही, तरी ऐंशीव्या वर्षी तो 2 लाख 69 हजार होतो. दिलासा हा एवढा.

दुसऱ्या बाजूने बघा. रुग्णालयाचा खर्च वर्षाला 12 ते 14 टक्क्यांनी वाढतो असा सल्लागार कंपन्यांचा अंदाज असतो. 13 टक्के धरले, तर साठाव्या वर्षी घेतलेल्या पाच लाखांच्या विम्याची ताकद बहात्तराव्या वर्षी आजच्या सव्वा लाखालाही पोचत नाही. कागदावर पाच लाखच लिहिलेले असतात. वसीक्याची गोष्ट मी उगाच सांगितली नव्हती.

आता पत्त्याकडे. बऱ्याच खासगी कंपन्या हप्त्यासाठी शहरांचे झोन पाडतात. दिल्ली-मुंबई वरच्या झोनमध्ये, लखनौ सहसा त्याखाली, म्हणून लखनौच्या पत्त्यावर पॉलिसी स्वस्त पडते. एजंट खूश, आपण खूश. पण काही पॉलिसींत कलम असतं की खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतलेत तर बिलाचा ठरावीक टक्का तुमचा. दिवाळीत मुलाकडे मुंबईला गेलेल्या माणसाच्या छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, आणि डिस्चार्जच्या दिवशी कळलं की वीस टक्के खिशातून. अचानक उद्भवलेल्या आजारात काही कंपन्या हे कलम लावत नाहीत, काही लावतात. वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आपण वाचत नाही.

खोलीच्या भाड्याचं कलम त्याहून कावेबाज. पाच लाखांच्या जुन्या पॉलिसीत खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे पाच हजार. लखनौत या भावात बरी खोली मिळायची. पुण्यात-मुंबईत मिळत नाही, म्हणून मुलगा आठ हजारांची घेतो. वडिलांना जनरल वॉर्डात कसं ठेवायचं? फरक रोजचा तीन हजार, तो भरू म्हणतो. पण कंपनी सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांश, मान्य करते. दोन लाखांचे सव्वा लाख. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही असा 2020 पासून नियम आहे, तेवढी त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मात्र ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर अशा 68 वस्तूंची एक यादी आहे, ती वेगळीच. खास कलम घेतलं नसेल तर ती सगळी तुमच्या खिशातून.

पण माझ्या टेबलावर सर्वांत जास्त दावे ज्याने पडले ती गोष्ट कुठल्याच कलमात नाही. ती रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घडते. रात्री साडेअकरा. बाई स्ट्रेचरवर, नवरा बाजूला, हातात प्लॅस्टिकची फाइल, चष्मा घरी राहिलेला. जुनिअर डॉक्टर घाईत आहे, त्याला आणखी चार पेशंट बघायचे आहेत. 'माताजी को शुगर है?' 'हां.' 'कब से?' काका काकूंकडे बघतात. आता शुगर पहिल्यांदा कळली तेव्हा धाकटीचं लग्न व्हायचं होतं, की झालं होतं? 'होंगे दस-बारह साल.' डॉक्टर लिहितो: मधुमेह, बारा वर्षे. पॉलिसी चार वर्षांपूर्वी घेतलेली, आणि अर्जात एजंटाने 'नाही' वर टिक केलेली. तिसऱ्या दिवशी टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, डेस्कवरून फोन येतो: क्वेरी आली आहे, शुगरचे पहिले कागद द्या. कागद कुठे असतात? मानकनगरचं क्वार्टर सोडताना रद्दीत गेले. दावा नामंजूर होतो, आणि कंपनी नियमाला धरूनच वागलेली असते.

आता पाच वर्षं पॉलिसी न खंडता चालवली असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला असा जुना मुद्दा काढता येत नाही; ही मुदत पूर्वी आठ वर्षं होती. पण ती पाच वर्षं भरेपर्यंत त्या रात्रीचं एक सैल वाक्य लाखभराला पडू शकतं. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी जे एका पानाचं कोष्टक आहे, कुठला आजार कोणत्या महिन्यात कळला, कोणी सांगितला, कुठली गोळी, ते भरून फाइलच्या सर्वांत वर लावा. खोटं लिहू नका, अंदाजेही लिहू नका. डॉक्टरला बोलून सांगण्याऐवजी ते पान त्याच्या हातात द्या.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 मध्ये आलं. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाख, आधारवरचं वय हाच पुरावा. खासगी पॉलिसी असली तरी हे काढता येतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावं लागतं. आपल्या मंडळींत याविषयी एक अवघडलेपण आहे. 'ते गरिबांचं कार्ड' असं म्हणून सुशिक्षित घरांतून ते काढलं जात नाही. मला हा निव्वळ वेडेपणा वाटतो. कार्ड देशभर यादीवरच्या रुग्णालयात चालतं, म्हणजे पत्त्याचा घोळ ज्यात सर्वांत कमी आहे अशी हीच एक योजना. तिच्या उणिवा आहेतच: भरती झाल्याशिवाय काही मिळत नाही, मोठी खासगी रुग्णालयं यादीत असतीलच असं नाही, नवराबायको मिळून पाच लाख. तरी ज्यांचा हप्ता आता झेपेनासा झाला आहे त्यांनी पॉलिसी बंद करण्याआधी हे कार्ड हातात घ्यावं, नंतर नव्हे.

लखनौत आजारी पडणं ही काही शिक्षा नाही, हेही सांगायला हवं. मराठी घरांत उगाच 'तिकडे काय सोय असणार' असं बोललं जातं. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज 1911 पासून चालू आहे. रायबरेली रोडवरची संजय गांधी संस्था 1983 च्या कायद्याने उभी राहिली, आणि मूत्रपिंड असो की हृदय, पूर्व उत्तर प्रदेशापासून बिहार-नेपाळपर्यंतचे लोक तिथे येतात. आता खासगी साखळ्यांची मोठी रुग्णालयंही आली. उणीव उपचारांची नाही, माणसांची आहे. रांगेत कोण उभं राहणार, रक्त कोण देणार, रात्री कोण बसणार? ठेवलेल्या अटेंडंटचा पगार, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, भाड्याची खाट, मुलीचं ऐनवेळचं विमानाचं तिकीट यांतलं बहुतेक कुठल्याही विम्यात बसत नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती परत आलेली नाही. परगावी म्हातारं होण्याचा खरा वाढीव खर्च इथे आहे आणि त्याचा हप्ता स्वतःच्या बचत खात्यात भरावा लागतो.

राहता राहिले अमेरिका-कॅनडावाले. 'मुलाने ग्रीन कार्ड केलंय, आता तिकडची सोय झाली' असं समजून इथली पॉलिसी मोडणारे मी पाहिले आहेत. त्यांना एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअर मिळतं हे खरं, पण तिथे नोकरी करून कर न भरलेल्या आईवडिलांना ते विकत घ्यावं लागतं, आणि तेही ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावर. 2025 साली त्याचे दोन मुख्य भाग विकत घ्यायचे तर एका माणसाला महिन्याला 518 आणि 185, म्हणजे 703 डॉलर पडत होते. जोडप्याला दुप्पट. त्या पाच वर्षांत सहा-सहा महिने लखनौला येऊन राहिलात तर सलगपणाचा प्रश्न उभा राहतो, आणि पुढे इथे येऊन आजारी पडलात तर मेडिकेअर इथलं बिल देत नाही. नुसत्या व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्यांनी जो प्रवासी विमा घ्यायचा तो जुन्या आजारांना सहसा झाकत नाही. झाकतो तो त्यांचा अचानक उफाळलेला झटका, तोही अटी घालून. ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना सरकारी रुग्णालयसुद्धा फुकट नाही, आकारणी नेहमीच्या दराच्या दीडपट असते. कॅनडाचा सुपर व्हिसा त्यातल्या त्यात सरळ: किमान 1 लाख कॅनडियन डॉलरचा विमा दाखवा आणि एका वेळी पाच वर्षंपर्यंत राहा. तो विमा मात्र दरवर्षी चालू ठेवावा लागतो, आणि पंचाहत्तरीच्या पुढे त्याचा हप्ता मुलाच्या घराच्या हप्त्याशी स्पर्धा करू लागतो.

म्हणून माझा निवाडा असा: परदेशी जा, दोन वर्षं राहा, नातवंडं खेळवा, पण इथली पॉलिसी आणि इथलं कार्ड एक दिवसही खंडू देऊ नका. सत्तरीत मोडलेली पॉलिसी त्याच अटींवर पुन्हा जोडून मिळत नाही.

दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा, तीस दिवस थांबा, आणि मग विमा लोकपालाकडे. तो लखनौत हजरतगंजला बसतो, पुण्यातही बसतो. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, आणि नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तक्रार तुमच्या राहत्या पत्त्याच्या लोकपालाकडेही करता येते. पत्ता एकदाचा इथे आपल्या कामी येतो. मी उलट्या बाजूला बसलेला असताना कंपनीच्या विरोधात निकाल जाताना पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते बहुधा ज्यांनी कागद तारीखवार लावले होते त्यांच्या बाजूने गेले.

पुस्तिका तयार करणाऱ्यांनी वर्षभर कार्यालयांच्या पायऱ्या चढून माहिती गोळा केली आहे. ती वाचायला सोपी नाही. काही प्रकरणं एकदा वाचून कळणार नाहीत, काही आकडे पुढच्या वर्षी बदलतील. कंपन्यांची नावं त्यांनी मुद्दाम टाळली, ते बरंच केलं. एक तक्रार मात्र नोंदवतो: विधवांसाठी वेगळं प्रकरण हवं होतं. नवऱ्याच्या नावावरचं कार्ड, नवऱ्याच्या ईमेलवर येणारी नूतनीकरणाची सूचना आणि नवऱ्यालाच माहीत असलेला पासवर्ड, यामुळे खंडलेल्या पॉलिसी मी थोड्या पाहिल्या नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत ते यावं.

एक काम या पानावरून उठल्याबरोबर करा. तुमच्या पॉलिसीवरची नूतनीकरणाची तारीख बघा आणि तिच्या दोन महिने आधीच्या दिवसावर कॅलेंडरात खूण करा. कंपनी बदलायची असेल तर किमान 45 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. त्या दिवशी मुलांना फोन लावा आणि पुढची पाच वर्षं आपण कुठे राहणार, हे त्यांच्याकडून आणि स्वतःकडून स्पष्ट बोलून घ्या. मग एजंटला बोलवा.